मी हात लावला नव्हता

बाबा, तू जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मला तुझ्याशी भांडायचंय. दुसऱ्या कुणाशी भांडून उपयोग नाही, कारण ते शब्द दुसऱ्या कुणाचे नव्हते. थळच्या घरी पडवीत बसून लिहितेय. समोर तुझे दोन्ही कॉम्प्युटर मांडलेत. एक जुना, टीव्हीएवढ्या जाड पडद्याचा, आणि एक तू गेलास त्या वर्षी आलेला, जो आपल्याकडे अजून ‘नवा’च आहे. दोघांच्या मधून निळी तार गेलीय. तीच तार. तिच्यापायी तू मला काय बोललास ते तुझ्या लक्षात राहिलं होतं का, मला माहीत नाही. मला मात्र सगळं पाठ आहे.

मी सातवीत आहे. तू अलिबागहून तारेचं वेटोळं खांद्यावर टाकून आलायस, दोरखंड आणतोस तसं. मच्छीमार संस्थेच्या कचेरीत तू पाहिलेलं असतं की एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावरच्या पडद्यावर दिसतो, आणि तेव्हापासून तुला तेच घरात हवं असतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तुझा ‘खुणा’ नावाचा फोल्डर आहे. समुद्रात रस्ते नसतात, म्हणून तू किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरतोस. कारखान्याची चिमणी आणि देऊळ, खांदेरी बेटावरचा दिवा आणि मागचा डोंगर. त्या रेषेवरून तुला कळतं की पाण्याखाली जाळं फाडणारा खडक कुठे आहे आणि मऊ चिखल कुठे. रोज संध्याकाळी एका बोटाने ठोकत ठोकत तू ते लिहितोस. कागद भिजतो, म्हणायचास. ते खरंच निघालं म्हणा. चक्रीवादळात पत्रे उडाले तेव्हा तुझी वही लगदा होऊन भिंतीला चिकटली होती. दिवेआगरला मी ज्या घरगुती लॉजवर काम करत होते तिथे तर सुपारीची अख्खी वाडी आडवी झाली होती, आणि मालकीणबाई पडलेल्या झाडांमधून फिरत एकेकाला शिव्या देत होत्या, जणू ती मुद्दाम पडली होती. पण ते जाऊ दे. मी तारेचं सांगत होते.

तू तार जोडलीस आणि नव्यातून जुना दिसेना. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पेन ड्राइव्ह होता घरात. त्यात घालून नेलं असतंस तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तुला तारेतूनच हवं होतं. आठव्या दिवशी तू माझ्याकडे वळलास.

“तू हात लावलास याला.”

“नाय लावला, बाबा.”

“मग कोनी लावला, मांजरीनं?”

“मला काय माहीत?”

“सगळ्यात नाक खुपसायचं तुला. होडीवर येते म्हनशील, मशीन उघडते म्हनशील. उद्यापासून इकडं बसायचं न्हाय. दादा बसंल.”

दादा तेव्हा दहावीत होता आणि त्याला माउस कुठल्या हातात धरायचा तेही कळत नव्हतं. पण तो बसला. मी स्वयंपाकघरात आईशेजारी जवळा निवडत बसले आणि ठरवलं की पुन्हा तुझ्या कुठल्याच वस्तूला बोट लावायचं नाही. श्रावणात तुला ताप आला, सहा दिवसांत तू गेलास. तोवर तू माझ्याशी नीट बोलला नव्हतास. म्हणजे बोललास, पाणी दे, औषध आण, असं. त्याला बोलणं म्हणत नाहीत.

मग माझं काय झालं ते तुला कुठे ठाऊक? दहावी दोनदा, बारावी अर्धी. दिवेआगर, तिथून बोर्ली पंचतनला एका झेरॉक्सच्या दुकानात आठ महिने, मग पेणच्या बाजूला गणपती रंगवायला, मग एका बाईबरोबर गोव्यापर्यंत. कुठे टिकत नाही मी. आई म्हणते पायाला भोवरा आहे. मला वाटतं मला कुणी ‘इकडं बसायचं न्हाय’ म्हणायच्या आधीच उठायची सवय लागलीय. आता गेल्या महिन्यात दादाचा फोन आला.

“तू त्या दुकानात व्हतीस ना? बाबाच्या मशीनमधनं खुणा काढून दे.”

“दादा, मी झेरॉक्स काढायचे.”

“तेच ते. ये तू.”

तो हसत नव्हता. मागच्या हंगामात त्याचं जाळं एकाच ठिकाणी दोनदा फाटलं. जीपीएसचं यंत्र आहे त्याच्याकडे, पण त्या यंत्राला जागा कळते, खडक कळत नाही. खलाशी त्याच्या पाठीमागे बोलायला लागलेत, की बापासारखा होडी चालवणारा तांडेल नाही हा. पुन्हा फाटलं तर ते दुसऱ्याच्या होडीवर जातील, आणि खलाशी गेले की होडी वाळूवरच. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती. आणि खुणा एकाच जागी होत्या, त्या जुन्या डब्यात.

तो डबा चालू होतो हेच नवल. तुझ्यानंतर त्याला कुणी वापरलं नाही, पण दर दसऱ्याला आई त्याच्यावरची चादर काढते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते आणि घटकाभर चालू ठेवते. हत्यार वर्षातून एकदा तरी जागं करावं, म्हणते. कीबोर्डच्या काही कळा कुंकवाने अजून लाल आहेत. पण खाऱ्या हवेने बाकी सगळं खाल्लंय. पेन ड्राइव्ह लावायच्या जागा गंजून बुजल्यात, सीडीचा कप्पा उघडत नाही. आतून टक टक आवाज येतो, पाल चुकचुकावी तसा. अलिबागच्या दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ताई, याला खोलू नका, खोललात तर परत उठायचा नाही. एकच भोक धड होतं, तारेचं. म्हणजे बघ, शेवटी तुझ्याच हट्टावर येऊन ठेपलं सगळं.

तीन दिवस मी त्या दोघांशी झगडले. तार उलटसुलट लावून पाहिली. तिचं टोक कुरतडलेलं वाटलं म्हणून नवं टोक लावून आणलं. मधल्या वायफायच्या डब्यावर हिरवे दिवे नीट लुकलुकत होते. दोघांचा गट एकच आहे का पाहिलं, होता. आडवी येणारी सुरक्षेची भिंत, फायरवॉल म्हणतात ती, दोन्हीकडे पाडली. फोल्डर सगळ्यांना उघडा केला. दिवेआगरला पाहुण्यांचं वायफाय बंद पडलं की मीच बघायचे, त्यामुळे मला माहीत होतं की प्रत्येक मशीनला एक आकडा असतो आणि त्या आकड्याने हाक मारून बघायची. मारली. जुन्याने लगेच ओ दिली. पण फोल्डर माग, की चूप. नावाने हाक मारली तर नवा स्वतःलाच शोधून परत यायचा. दादा दर तासाला दारात येऊन उभा राहायचा. मला तुझी आठवण यायची आणि डोकं फिरायचं.

आणि जुन्याच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एक पिवळा फुगा यायचा, इंग्रजीत काहीतरी लिहिलेला. मी तो बंद करायचे. तूही बंद करायचास, मला आठवतं. तू सातवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी दिसलं की फुली मारून मोकळा. मी तरी काय वेगळं केलं? तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता, हात रिकामा नव्हता म्हणून, फुगा तसाच राहिला आणि मी तो वाचला. या जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, याच नावाचं दुसरं मशीन आहे, असं लिहिलं होतं त्यात. बारा वर्षं तो बिचारा तेवढंच सांगत होता.

नाव तुला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. आजोबांच्या होडीचं, तुझ्या होडीचं, आता दादाच्या होडीचं. दोन्ही कॉम्प्युटरांचंही तेच. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आपल्याकडे दुसरं काय सुचणार? नवी होडी आली की जुनीचं नाव तिला. मात्र त्याला नियम होता आणि तो मी तुझ्याच तोंडून ऐकलाय. आपली जुनी होडी वाळूवर मोडत होते तेव्हा तू आधी नावाची फळी काढून घेतलीस आणि म्हणालास, जुनी मोडल्याबिगर नवीला नाव द्यायचं न्हाय. एका नावाच्या दोन होड्या बंदरात असल्या तर दर्याला कळत नाय, घरी कोनाला धाडायचं.

आता सांग. दर्याला कळत नाही तर त्या डब्याला कळणार होतं? जुना तू मोडला नव्हतास, विकलाही नव्हतास, आणि नव्याला तेच नाव. तुझाच नियम, तूच मोडलास, आणि बोलणी मी खाल्ली. मी उठून तुझ्या फोटोसमोर गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. मी सातवीत होते, बाबा. मी हात लावला नव्हता. तू एकदा तरी विचारायचंस. ताप चढला तेव्हा तरी म्हणायचंस, बस तिकडे, बघ काही जमतं का. मला कदाचित जमलं असतं. कदाचित मी तो फुगा वाचला असता. मग मी कुठे गेले असते, कुठे गेले नसते, कोण जाणे.

दादा धावत आला. मी त्याला सांगितलं. तो खाली बसला आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबानंच घोळ घातला?” म्हणाला. मग मी जुन्याचं नाव बदललं, दोन्ही बंद करून चालू केले, आणि नव्याच्या पडद्यावर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. ‘खुणा’ उघडला. तारेतून तो हळूहळू इकडे येताना जुन्याची टकटक वाढली, आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. आला. सगळा. दादाने ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. ‘चिमनी देवलाच्या झेंड्यामागं गेली की जालं उचल, खाली दात हाय.’ तिथेच फाटलं होतं त्याचं, दोन्ही वेळा. तो पडद्यावर हात ठेवून बसला, आणि त्या दिवसापुरतं मी त्याला ‘इकडं बसायचं न्हाय’ म्हटलं नाही.

संध्याकाळी आई बोंबील उलटवत होती. मी तिलाही ऐकवलं. “बघितलंस? त्यानंच दोघांना एक नाव दिलं, आणि बोलणी मला.”

आईने मान वर केली नाही. “त्यानं कुटं दिलं? तो तवा खाली जालं सुकवीत व्हता. अलिबागचा मानूस मशीन मांडून च्या पीत व्हता. तूच बसलीस खुर्चीवर. नाव टाक म्हनला तो, आनि तू टाकलंस. होडीचं.”

“मी न्हाय.”

“व्हय. मग दिवसभर सांगत फिरत व्हतीस.”

मी तिच्याशीही भांडले. आणि भांडता भांडताच मला ती खुर्ची आठवली, तिच्यावरचं न काढलेलं प्लास्टिक मांडीला चिकटत होतं. एक रिकामी चौकट, तिच्यात लुकलुकणारी रेघ. मी एकेक अक्षर शोधून दाबलं. तू वर आलास, ओल्या हाताने, पडदा पाहिलास आणि म्हणालास, “बरं केलंस.” म्हणजे तूही पाहिलं होतंस. अर्धी चूक तुझी आहेच, ती मी सोडणार नाही. पण तू म्हणालास, हात लावलास, आणि मी नाही म्हटलं, आणि बारा वर्षं तेच म्हणत आले.

पौर्णिमेला नारळ सोडून दादा गेला. काल परत आला, जाळं अख्खं. आता बंदरावर ज्याला त्याला सांगत सुटलाय, की बाबानंच एका नावाची दोन मशीनं ठेवली होती, एवढा मोठा तांडेल आणि बघा. सगळे हसतात. आज सकाळी पाव आणायला गेले तर मलाही थांबवून विचारलं एकाने, “खरं का गो?” मी हसले, पाव घेतले आणि घरी आले.