तबकडीवरचे शांत श्रोते

अण्णा, आज सकाळी ती रेकॉर्ड पुन्हा लावली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून हे पत्र. तीच, परदेशातल्या त्या चार केसाळ गाणाऱ्या पोरांची, ज्यांना आई शेवटपर्यंत ‘ह्यांची लेकरं’ म्हणत राहिली. माझे केस आता तुमच्यापेक्षा जास्त पिकलेत, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून ताठ बसते. आपल्या घरात गाणं ऐकताना लोळायची परवानगी नव्हतीच. दिवसभर यशवंतपूरच्या कारखान्यात पत्र्यावर दणादण प्रेस चालवणारा माणूस घरी येतो, हातपाय धुतो, रेडिओग्रामसमोर पाट मांडून बसतो, आणि मग शेजारी कोणी नुसत्या शेंगा सोलल्या तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. आई म्हणायची, “देवासमोर एवढे गप बसला असता तर एव्हाना मोक्ष मिळाला असता की.” तुम्ही हसायचात आणि रेकॉर्ड उलटायचात.

तुमची मला असलेली सगळ्यात जुनी आठवण चामराजपेटेतल्या रामनवमीच्या मांडवातली आहे. मी तुमच्या खांद्यावर. समोर गवई सुरांत कुठं कुठं भटकून येतोय आणि तुम्ही मान वर करून मला सांगताय, “आता बघ, परत येणार तो. आता, आता...” तो समेवर परत येतो आणि माझ्याखाली तुमचा खांदा आनंदानं उडतो. घरी चालत येताना तुम्ही सगळ्यांना मत विचारायचात, आणि सुरुवात कायम सगळ्यात धाकट्यापासून. “मोठ्यानं आधी तोंड उघडलं की धाकटे नुसत्या माना हलवतात,” असं तुमचं म्हणणं. एकदा मी सांगितलं की मृदंगवाल्याचा अंगरखा छान होता. तुम्ही तेही गंभीरपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “होय, हाताला मोकळीक देणारा होता.” त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की जगात माझ्या मताला काहीतरी किंमत आहे.

पुढे मी कॉलेजात गेले आणि रविवारी सकाळी आपल्या जयनगरच्या घरात आमचा अड्डा जमायला लागला, कारण रेडिओग्राम आपल्याकडे होता. कंटोनमेंटमधली माझी मैत्रीण, आणि मागच्या गल्लीतला तो बी.एस्सी.वाला, जो गिटार वाजवायचा कमी आणि पुसायचा जास्त. त्या कानडी शहरात दोघंही आपल्यासारखीच घरी मराठी बोलणारी, दोघंही माझ्याहून मोठी आणि दोघंही त्या चौघांवर जीव टाकणारी. त्या रविवारी मैत्रीण विलायतेहून चुलतभावानं पाठवलेली नवी लाँगप्ले छातीशी धरून आली. ही स्टुडिओतली नव्हे, प्रत्यक्ष कार्यक्रमात हजारो लोकांसमोर उतरवून घेतलेली. तुम्ही न्हाणीघरात होता. रविवारचं तेल अंगात मुरल्याशिवाय तुम्ही काही बाहेर यायचा नाहीत. आम्ही सुई टेकवली आणि गाण्याच्या आधी किंकाळ्या आल्या. पोरी जिवाच्या आकांतानं ओरडतायत, थांबायचं नावच नाही. आई पळी घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. “अय्यो, कोण भाजलं ग?”

आईला समजावून परत पाठवलं आणि त्या दोघांची जुंपली. मैत्रीण म्हणाली, ह्या बयांनी गाण्याची माती केलीय, स्टुडिओतली रेकॉर्डच बरी, तिथं सूर तरी कळतो. गिटारवाला उसळला. त्याचं म्हणणं, त्या ओरडण्यासाठीच तर ही रेकॉर्ड काढलीय, ते वजा केलंत तर उरलं काय, सूर ऐकायचे तर घरी बसून पेटी वाजवा. इतक्यात डोक्याला पंचा गुंडाळून तुम्ही आलात, पाटावर बसलात आणि म्हणालात, “सरी, सरी, बरं. आधी ऐकू दे. भांडण मग.” आम्ही पहिली बाजू पुन्हा पहिल्यापासून लावली.

तुम्ही डोळे मिटून ऐकताय. मांडीवर तुमची बोटं चालतायत. किंकाळ्यांनी खिडकीची तावदानं थरथरतायत असं मला वाटतंय आणि तुमच्या कपाळावर एक आठी नाही. बाजू संपली तसे तुम्ही डोळे उघडलेत. “स्वल्प खरखर आहे, सुई झिजली वाटतं. पण काय श्रोते आहेत ग! एवढा जमाव म्हणता आणि कोणी हूं नाही की चूं नाही. आपल्या मांडवात दाणे खातात, पोरं रडवतात. शिस्त शिकावी ह्यांच्याकडून.” गिटारवाला फसकन हसला, कारण तुम्ही थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध. तुम्ही त्याच्याकडे वळून विचारलंत, “काय झालं?” अगदी सरळ विचारलंत, आणि मला एकेक गोष्ट जुळत गेली. त्या दिवसांत तुम्ही व्हायोलिनच्या मैफलीतून मधेच उठून यायचात, म्हणायचात की फार बारीक वाजवतात. मला सारखं रागवायचात की पुटपुटू नको. प्रेसच्या दणदणाटानं तुमच्या कानातला वरच्या पट्टीचा सगळा आवाज नेला होता, आणि ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नव्हतं.

“हं, धाकटीपासून,” तुम्ही म्हणालात.

धाकटी मी. मी म्हटलं, “मला ड्रमवाला आवडला, अण्णा. आणि ती जाड तारांची गिटार, सगळ्यांच्या खालून चालणारी.” मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आत्ता त्या बयांच्या नावानं बोटं मोडणारी माझी मैत्रीण म्हणाली, “मला पण तालच आवडला,” आणि नवी सुई शोधायला म्हणून खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही. राहिला गिटारवाला. तो तर भाषण तयार करून बसलेला. त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, “लोकांचं म्हणाल तर, अण्णा, लोक फार मन लावून ऐकतात.” तुम्ही खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारलीत. तुमचा जावई मी त्या वाक्यावर पक्का केला. तुम्ही पुढे त्याची सरकारी नोकरी बघून होकार दिलात, ती गोष्ट वेगळी.

कॉफी आणायला आत गेले तर आई चुलीकडे तोंड करून उभी. “ऐकू येत नाही ना ग त्यांना?” मी विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, “पूर्वी पहाटे चिमण्यांना शिव्या घालत उठायचे. आता चिमण्या ओरडतात आणि हे घोरतात. मला कळणार नाही होय?” मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, त्यांना सांगू तरी. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, “सांगशील तेव्हापासून प्रत्येक गाण्यात काय ऐकू आलं नाही तेच शोधत बसतील. गाणं गेलं तर ह्यांच्याजवळ राहतं काय ग? तो प्रेसच की.” मी कॉफीचे पेले उचलले.

मैत्रिणीनं ती रेकॉर्ड परत नेलीच नाही, अण्णांना राहू दे म्हणाली. मग रोज संध्याकाळी कारखान्यातून आलात की तीच. पुरंदरदासांची पदं मागे पडली, व्हायोलिनच्या रेकॉर्डींवर धूळ बसली, पण त्या चौघांचा ताल तुम्हाला पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत होता. शेजारच्या अक्का आईला म्हणाल्या, मुलीला जरा आवरा. आई म्हणाली, “मुलीला कशाला? मुलीच्या अण्णांना आवरायला हवं.” मी हळूहळू छातीतून, खालच्या आवाजात बोलायला शिकले, म्हणजे तुम्हाला दोनदा विचारावं लागू नये. अजून फोनवर लोक मला सर म्हणतात. पाहुणा आला की तुम्ही त्याला ती रेकॉर्ड ऐकवायचात, श्रोत्यांच्या शिस्तीबद्दल सांगायचात, आणि आई पाहुण्याकडे अशी बघायची की त्याची हूं की चूं करायची छाती होत नसे. एकदा वेष्टनावरचा फोटो तुम्ही बराच वेळ निरखत होता. त्यात पुढच्या रांगेतल्या पोरी गालांवर हात दाबून, आ वासून उभ्या आहेत. तुम्ही म्हणालात, “बघ, मनातल्या मनात गातायत.” ते तुम्हाला खरंच तसं वाटलं, की सगळं कळूनही तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेली नाही.

पण माझं खरं मत तुम्हाला सांगायचं राहून गेलं. त्या किंकाळ्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कुठंतरी माझ्या वयाच्या पोरी एवढं तोंड उघडू शकतात, आणि कोणी पळी घेऊन धावत येत नाही, ह्याचं मला भारी अप्रूप वाटलं होतं. म्हणून आज सांगते, अण्णा. ते लोक शांत नव्हते. हजारो पोरी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत किंचाळत होत्या, आणि त्या रेकॉर्डमधलं मला सगळ्यात जास्त आवडलं होतं ते तेच.

तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. तरी एक कबूल करते. टाकता आलं असतं तर पाकीट बंद करण्याआधी वरची ती वाक्यं मी गिरगटून टाकली असती, आणि त्यांच्या जागी लिहिलं असतं की ड्रमवाला छान आहे, अण्णा, आणि लोक अगदी गप बसून ऐकतायत.