हौसाची न्याहारी

कुरुळी, १८ जानेवारी १९५४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. तुझे पत्र आणि मेतकूट दोन्ही पोचले. उपदेश भरपूर होता; मेतकूट बेताचेच.

इथे मला एक कोडे पडले आहे. शाळा सकाळची. न्याहारी केल्याशिवाय अक्षर डोक्यात शिरत नाही, असे मी पोरांना रोज बजावतो. वर एक सुभाषितही ऐकवतो. पोरे माना डोलावतात. तरीही चौथीतली हौसा परवा पुन्हा प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन पडली. घरी अन्नाची ददात नाही. तिची आई गोजाबाई म्हणते, पोरीला सकाळी घरी घास गिळत नाही, म्हणून भाकरी फडक्यात बांधून देते, आणि फडके रिकामेच परत येते. मग ही भोवळ कशाची?

बाप सोपानराव बजावून गेला, की साळंपायी पोर वाळाया लागली. आता पडली तर कांदं खुरपाया नेतो, वावरात तरी पोटभर खाईल. अक्का, एवढी हुशार मुलगी वर्गात दुसरी नाही. काही सुचले तर लगेच कळव.

तुझा,
नारायण

वाई, २३ जानेवारी

चि. नारायण यास अनेक आशीर्वाद.
फडके रिकामे होते, म्हणजे अन्न कोणीतरी खाते. कोण आणि केव्हा, एवढेच त्या मुलीला विचार. रागावू नकोस, आणि विचारताना सुभाषित नको.

दुसरे असे, की तू स्वतः सकाळी काय खातोस? देवाला नैवेद्य दाखवल्याखेरीज तू तोंडात काही घालत नाहीस, आणि तुझा नैवेद्य शाळा सुटल्यावर, भरदुपारी. हे पोरांना ठाऊक आहे काय?

प्रकृतीस जपावे, हे आता तुलाच सांगायची पाळी आली.

तुझी,
अक्का

कुरुळी, ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. तू वाईत बसून बरोबर नेम धरलास. हौसाला विचारले. म्हणाली, गुरुजी उपाशीपोटी शिकवत्यात, मग आमी आधी कसं खावं? शाळा सुटल्यावर ती माझ्या खोलीमागे बसून राहते. आत पूजेची घंटा वाजली, की फडके सोडते. बाकीची पोरे माझे ऐकत होती. ही एकटी माझ्याकडे बघत होती.

आता देवाला पहाटेच दूधगूळ दाखवतो, आणि प्रार्थनेआधी पोरांबरोबर ओसरीवर भाकरी खायला बसतो. हे खरे वाटेना म्हणून सोपानराव परवा स्वतः बघायला आला. येताना वावरातले कांदे घेऊन आला. एक बुक्कीने फोडला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, गुरुजी आमच्या पोरांसंगं खात्यात तर पोर साळंतच ऱ्हाईल.

आपल्या घराच्या उंबऱ्याआत कांदा कधी आला नाही, हे तुला सांगायला नको. हौसाने भाकरी मोडून हातात धरली होती, आणि डोळे माझ्या हातावर.

कांदा गोड निघाला, अक्का. घरी ती. दादांना कळवू नये. तुझा लोभ आहेच. तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
नारायण