रणगाड्याला आवतन

ती. दुर्गाआत्यास,

वैजयंतीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील. माझी तब्येत ठीक आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझे यजमान, आमचे मामा. (फोनच केला असता, पण मामा शेजारीच कान देऊन बसलेत.)

शेलूबाजारच्या हरीओमने ही युद्धस्थळांची सहल काढली तेव्हा तूच म्हणालीस, "ने व माय त्याईले, बैलजोडी विकल्यापासून माणूस बोलूनच नाही राह्यला." नेलं. किल्ला पाहिला, तोफा पाहिल्या, प्रत्येक तोफेपाशी मामांचा शेरा, "हे कोन्या कामाची नाही." आज रणगाड्यांच्या संग्रहालयात आलो. एकाहत्तरच्या लढाईत मामा चालवायचे तसाच एक रणगाडा अंगणात उभा होता. मामा थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. जुने सोबती आठवले असतील म्हणून मी आदराने मागे सरकले. (हा माझा मूर्खपणा.) वळून पाहते तर मामांनी खिशातून डबी काढलेली आणि रणगाड्याच्या पुढच्या अंगाला हळद-लोणी चोळणं सुरू. उद्या पोळा, म्हणजे आज बैलांचे खांदे मळायचे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. बाजूलाच पाटी: हात लावू नये. मामा त्याच्या कानाशी (रणगाड्याचा कान कुठे असतो ते मला विचारू नकोस) म्हणतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पहारेकरी धावत आला. "आजोबा, हा सरकारी रणगाडा आहे."

"मंग सरकारनं मळाचा होता. खांदा किती कोरडा पडला, पाह्य."

मी पदराने पुसायला गेले तर अख्ख्या सहलीसमोर माझ्यावरच खेकसले, "पोरी, आवतन पुसतं का कोनी?" इतिहासात बी.ए. केलेल्या बाईने हे ऐकून घ्यायचं.

आता म्हणतात, आवतन दिलेल्या पाहुण्याला टाकून मी घरी येत नाही. पहारेकऱ्याने बाहेर काढल्यापासून आम्ही दोघं फाटकाशी बाकावर बसलो आहोत. सहलीची जीप गावाकडे निघाली, हरीओमच्याच हाती हे पत्र देते. माणसाने इतका हट्ट करावा का? आज रोजनिशीत हे सगळं लिहिणार आहे, आणि सौम्य करून लिहिणार नाही.

तुझी संतापलेली भाची,
वैजयंती

ता. क. जोडी विकली ती मामांच्या कमरेसाठीच, हे मला मान्य आहे. पण ती विकत घेतलेल्या आसेगावच्या भाऊसिंगकडून सर्ज्या-पवळ्या उद्या सांजेपुरते मागून आण ना. आधी त्याच्या दारी जेवतील, मग आपल्या. जोडी दारात येते म्हटलं तर मामा रात्रीच्या एसटीत बसतील.

आणखी एक. पहारेकरी मामांना बाहेर नेत होता तेव्हा रणगाड्याचा दुसरा खांदा कोरडाच राहिला होता, आणि डबी माझ्या हातात होती. मी मळला. पाटी आधी नीट वाचली होती.