श्री. लवकर यांचे एकसष्ट नमुने

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
संयुक्त दुग्ध गुणवत्ता माहितीकोश,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय: रसायनज्ञ श्री. लवकर यांचे ६१ दूधनमुने आदर्श यादीतून तातडीने वगळण्याबाबत.

संदर्भ: १) आपले परिपत्रक, ऑगस्ट १९९५.
२) अर्जदाराची तार, दि. ३ एप्रिल १९९६.
३) सदर तारेस आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर, जे अर्जदाराने तीनदा वाचले.

महोदय,

१. अर्जदार वासुदेव हरी ओझरकर हा बेंगळुरूतील राजाजीनगर येथील सहभागी डेअरी क्रमांक ७ मध्ये पाच वर्षे कनिष्ठ रसायनज्ञ असून अद्याप कायम झालेला नाही. येथील कार्यालयात इंग्रजी व कन्नड अर्ज देऊन झाले. परंतु प्रकरण दोन मराठी शब्दांचे असल्याने ते शब्द ज्याला लहानपणापासून कळतात अशा अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडणे त्यास भाग पडले आहे.

२. आपल्या परिपत्रकाने नऊ डेअऱ्यांच्या दुधाची माहिती एकाच संगणकात भरून कोणाचे दूध किती सुरक्षित याची तुलना सुरू झाली. तपासणीची पद्धत आपणास ठाऊकच आहे. दुधात निळा रंग घालून नळी कोमट पाण्यात ठेवायची. जंतू फार असतील तर निळा रंग पाहता पाहता उडतो, दूध चांगले असेल तर तासन्‌तास टिकतो. तक्त्यातील 'शेरा' हा रकाना 'स्थानिक भाषेत, परंतु रोमन लिपीत, सहा अक्षरांच्या आत' भरावा, असा आपला आदेश होता. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. स्थानिक भाषा म्हणजे आपल्या तोंडात असते ती, असे अर्जदार खुशाल धरून चालला. चांगल्या दुधापुढे त्याने 'हळू' लिहिले आणि वाईट दुधापुढे 'लवकर'. चूक त्याची आहे, आणि ती त्याला मान्य आहे.

३. संगणकावर नोंदी करणारे श्री. मल्लाप्पा हे अत्यंत सज्जन गृहस्थ असून त्यांच्यावर अर्जदाराचा काडीचा राग नाही. कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध आणि 'हाळु' म्हणजे नासलेले, वाया गेलेले. रोमन लिपीत हे दोन्ही आणि आपला 'हळू' सारखेच दिसतात. दुधाच्या तक्त्यात पुन्हा 'दूध' असा शेरा कोण कशाला मारील, असा योग्य विचार करून त्यांनी दुसरा अर्थ घेतला. अर्जदाराचे ४१२ उत्तम नमुने अशा रीतीने नासले.

४. 'लवकर' या शब्दाशी मात्र मल्लाप्पा बराच वेळ झुंजले. अर्जदार ओझरकर, मागच्या गल्लीतील शेजारी चिपळूणकर, तेव्हा लवकर हेही कोणी मराठी गृहस्थच असणार आणि त्यांची सही चुकून शेऱ्याच्या रकान्यात पडली असणार, असे त्यांनी ताडले व ते नाव उचलून 'रसायनज्ञ' या रकान्यात नेऊन बसवले. शेरा कोरा राहिला. कोरा शेरा म्हणजे तक्रार नाही, असा आपलाच नियम आहे.

५. मार्चअखेर निकाल लागला. नऊ डेअऱ्यांतील सर्व रसायनज्ञांत श्री. लवकर पहिले आले: नमुने ६१, तक्रार शून्य. अर्जदार शेवटचा आला. श्री. लवकर यांचे प्रशस्तिपत्रक चौकटीत बसवून प्रयोगशाळेत लावण्यात आले, त्याखाली त्यांची खुर्ची आली आणि कँटीनमधून त्यांचा चहाही येऊ लागला. अर्जदारास तीन महिने श्री. लवकर यांच्या हाताखाली शिकावे, रोज नोंदवहीवर त्यांची सही घ्यावी, अन्यथा ३० जूनपासून कामावर येऊ नये, असा लेखी आदेश मिळाला. अर्जदार रोज त्या खुर्चीसमोर वही घेऊन उभा राहिला. हे लिहितानाही त्याला लाज वाटते.

६. असा माणूसच नाही, असे त्याने प्रयोगशाळाप्रमुख श्री. विश्वेश्वर यांना परोपरीने सांगितले. ते म्हणाले, "ओझरकर, तो संगणकात आहे म्हणजे कुठेतरी असणारच. एवढा हुशार माणूस, दुसऱ्या डेअरीने बोलावला असेल. स्वल्प ॲडजस्ट माडी." थोडे सांभाळून घ्या, एवढाच याचा अर्थ, या शहरात सर्व तंट्यांचा निकाल याच वाक्यावर लागतो. हजेरीपत्रकात श्री. लवकर 'दौऱ्यावर' लागले.

७. तेव्हा अर्जदाराने आपणास रोमन लिपीत तार केली: 'निर्णय लवकर द्यावा'. उत्तर आले की, विनंतीनुसार निर्णय श्री. लवकर यांच्याकडे सोपवण्यात आला आहे. माहितीकोशातील नोंद संबंधित रसायनज्ञाच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही, असेही त्यात कळवले होते.

८. येथवर प्रश्न एका माणसाच्या नोकरीचा होता. परंतु मे महिन्यात श्री. लवकर यांच्या नमुन्यांची सरासरी काढून ती सर्व डेअऱ्यांसाठी आदर्श ठरवण्यात आली: निळा रंग बावीस मिनिटांत उडाला पाहिजे. बाकीच्या आठ डेअऱ्यांनी आधी हात टेकले, कारण त्यांचे दूध चांगले होते. मग व्हाइटफील्डकडील डेअरी क्रमांक ४ ने दुधाचे कॅन दोन तास उन्हात ठेवून पाहिले, तो पंचवीस मिनिटांपर्यंत मजल गेली. त्यांनी पेढे वाटले. ते कोणत्या दुधाचे होते हे विचारण्याचा अर्जदारास धीर झाला नाही. हे दूध शहरात लहान मुले पितात.

९. श्री. विश्वेश्वर यांनी दयाबुद्धीने एक वाट दाखवली. अर्जदाराने रीतसर आडनाव बदलून स्वतःच लवकर व्हावे, ६१ नमुन्यांखाली 'उत्तम' म्हणून सही करावी आणि १ जुलैपासून कायम व्हावे. पाच वर्षे ज्याची वाट पाहिली ते असे समोर आल्यावर अर्जदाराचे मन डळमळले, हे तो लपवत नाही. त्याने पत्नी प्रेमा हिला विचारले. ती म्हणाली, "आडनावाचं काय, मी एकदा बदललंय, काही दुखत नाही. पण सही कशाखाली करताय ते बघा."

१०. अर्जदाराने पाहिले. आडनाव त्याने बदलले आहे. राजपत्रातील नोंद सोबत आहे. आता तो श्री. लवकर असल्याने, त्या अधिकाराने लेखी संमती देतो की, स्वतःचे सर्व ६१ नमुने नासके होते, ते आदर्श यादीतून काढून टाकावेत आणि दूध उन्हात ठेवणे आजच थांबवावे. यामुळे नासके दूध उत्तम म्हणून चालवल्याबद्दल श्री. लवकर यांना कामावरून काढावे लागेल, आणि श्री. ओझरकर यांना ३० जूनपासून काढलेलेच आहे, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. पत्ता एकच असल्याने दोघांचा आदेश एकाच पाकिटातून पाठवला तरी चालेल.

आपला नम्र,
वासुदेव हरी लवकर
(पूर्वीचे ओझरकर)
राजाजीनगर, बेंगळुरू
दि. २१ जून १९९६

सोबत:
१) नाव बदलल्याची राजपत्रातील नोंद.
२) ६१ नमुन्यांबाबत संमतिपत्र, प्रत्येक पानावर सहीसह.
३) शिकाऊ नोंदवही. सह्यांचे रकाने आज भरले आहेत.