डाव्या बाजूची लोकर

अण्णा,

मंगळवारी सकाळी कर्नलसाहेबांचं खोगीर पुन्हा आपल्या पुढच्या खोलीत आलं. घेऊन आलेली मुलगी साधारण माझ्याच वयाची. व्हाइटफील्डला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी येलहंक्याच्या एका तबेल्यात घोडेस्वारीला जाते. साहेब गेल्यावर त्यांच्या नातवानं घरातलं सामान विकायला काढलं, त्यात तिला हे मिळालं. नवीन सगळी फोमची असतात, त्यांच्यावर बसलं की प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं, असं ती म्हणत होती. मग तिनं खोगिराची बाजू उचलून खालचा तुमचा शिक्का दाखवला आणि कानडी मिसळून म्हणाली, "तुमच्या वडिलांचा हात लागलाय म्हणूनच घेतलं अक्का. स्वल्प तपासून द्या, म्हणजे घोडीवर घालते." तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी लोक अजून त्या शिक्क्याकडे बघून निर्धास्त होतात. मीसुद्धा त्यांच्यातलीच होते.

मी ते बघताक्षणीच ओळखलं होतं. बैठकीचं डुकराचं कातडं, त्यावरचे तीन-तीन ठिपके, गुडघा टेकतो तिथे काळसर पडलेला रंग. कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यामुळे सगळीकडे बुरशी धरली होती. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं. ओल्या फडक्यानं पुसलं, साबणाचा फेस होऊ न देता तो चोळला, खिडकीपासून लांब सावलीत वाळवलं. तेल फक्त आतल्या बाजूनं, बोटाच्या टोकानं, कारण जास्त तेल पाजलं की कातडं सैल पडतं आणि टाके धरून ठेवत नाही. जुन्या इंग्लिश खोगिराला लोक चकाकीसाठी जपतात असं नाही, ते उसवता येतं म्हणून जपतात, असं तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. गादी उघडायची, आतली लोकर काढून पिंजायची, घोड्याची पाठ हातानं चाचपून पुन्हा भरायची, की पुढची काही वर्षं निश्चिंती. फोमच्या खोगिरात आत काय चाललंय ते कळतच नाही, म्हणायचात. मला ते ऐकताना फार बरं वाटायचं. आपला धंदा असा आहे की ज्यात काही लपवता येत नाही, असं मला वाटायचं.

वाळल्यावर आतला लाकडी सांगाडा तपासला. मागची कड मांडीशी टेकवली, पुढची दोन टोकं दोन्ही हातांत धरली आणि आत दाबली. कट् असा आवाज आला. अगदी बारीक, बोटं मोडल्यासारखा. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. मग पुढचं कातडं उसवायला घेतलं आणि पहिल्याच टाक्यांशी माझा हात थांबला, कारण शिवण संपताना शेवटचे तीन टाके उलटे घेतलेले होते आणि दोऱ्याच्या मेणात काजळी होती. असं फक्त तुम्ही करायचात. आत सांगाड्याच्या कमानीला डावीकडे आरपार तडा गेलेला होता आणि त्यावर पोलादाची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली होती. पट्टीच्या कडा कातड्याला लागू नयेत म्हणून कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या. घाईगडबडीत केलेलं ते काम नव्हतं, अण्णा. किमान दोन दुपारी गेल्या असतील. रिव्हेट एकदा सैल झाल्यावर पुन्हा ठोकलेले होते, आणि तेही आता सुटले होते.

ती दुपार अजून समोर आहे. हेच खोगीर तुमच्यापुढे आहे आणि मी पंधरा वर्षांची आहे. शाळेतून येऊन हात धुते आहे आणि तुम्ही कामावरून मान वर न काढता म्हणता, "आज ह्याची गादी तू भर. दोन्ही बाजू." आतापर्यंत मी फक्त दोऱ्याला मेण लावलेलं आहे, लोकर पिंजलेली आहे. माझे कान तापतात. तुम्ही खोगिराचा पुढचा भाग आधीच शिवून बंद केलेला आहे, त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावता. मी आईचा स्वयंपाकघरातला काटा आणून डाव्या-उजव्या बाजूची लोकर तोलून घेते, आणि तुम्ही हसता. "घोडा काय काटा घेऊन बसणार आहे? हातानं बघ." मी हातानंही बघते. त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला सांगता की हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. ते वाक्य मी किती वर्षं पुरवून पुरवून वापरलं, ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही.

तीन आठवड्यांनी कर्नलसाहेब आले. घोडीच्या मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूला, बरोबर कमान टेकते तिथे, तळहाताएवढी जखम झाली होती. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. त्यांनी खोगीर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे कसं झालं. तुम्ही सांगाडा तपासला नाहीत. खोगिराला हातसुद्धा लावला नाहीत. "मुलीनं भरलं होतं, साहेब. डावी बाजू कमी पडली." मग मला म्हणालात, "माफी माग." मी मागितली. त्यांच्यासमोरच तुम्ही मला माझी गादी उसवायला लावलीत आणि मी भरलेली लोकर मुठीमुठीनं बाहेर काढायला लावलीत. साहेब शेवटी म्हणाले, राहू द्या, लहान आहे. तुम्ही म्हणालात, "लहान आहे म्हणून घोड्याची पाठ थांबते का?" त्यानंतर तुम्ही होतात तोवर गादी माझ्या हातात दिली नाहीत. मी अजूनही प्रत्येक गादी दोनदा तोलते, शिवून झाल्यावर उसवून पुन्हा बघते. गिऱ्हाइकं ह्याला माझा चोखपणा म्हणतात. मला रात्रंदिवस ती घोडी दिसत असते.

तुम्ही खरं का सांगितलं नाहीत, ह्याची कारणं मी स्वतःच शोधून काढू शकते. कमान तुमच्याच हातून तडकली असेल. साहेबांचा त्या खोगिरावर जीव होता, त्याचं आयुष्य संपलंय हे त्यांना सांगवलं नसेल. पट्टी धरेल असं खरोखर वाटलं असेल. तेवढं मी समजून घेईन. पण आधी कमान शिवून बंद केलीत आणि मग गादी मला दिलीत, हा क्रम माझ्या डोक्यातून जात नाही. माझा हात तयार झाला होता म्हणून दिलीत, की उद्या काही झालंच तर दाखवायला दुसरा हात हवा होता म्हणून? माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार कुठली होती, तेच मला आता सांगता येत नाही. आणि उत्तर देऊ शकणारा माणूस एकच होता.

काल ती मुलगी आली. मी तिला उघडी कमान दाखवली आणि हे आता घोड्यावर घालता येणार नाही, हवं तर दिवाणखान्यात ठेवा, असं सांगितलं. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं, अक्का?"

मी म्हणाले, "मी. पंधरा वर्षांची होते."

"तुमच्या वडिलांनी बघितलं नाही?"

"त्यांना माहीतच नव्हतं."

ती बिचारी हसली, पंधराव्या वर्षी असं काम म्हणजे कमालच म्हणाली. जाता जाता म्हणाली, "तबेल्यात ह्याच शिक्क्याचं आणखी एक खोगीर आहे, तेच घेऊन टाकते. ते तर तुमच्या वडिलांचंच असणार. सरी, ठीक तर, मग तपासायला आणायची गरज नाही." रविवारी ती त्यावर बसणार आहे.

तुमचं नाव वाचवायला मी खोटं बोलले असं समजू नका. चूक माझी, हे इतकी वर्षं म्हणत आलेय की दुसरं काही तोंडात आलंच नाही. आज शुक्रवार. तिचा नंबर समोर आहे आणि तिला काय सांगायचं तेही मला ठाऊक आहे. सकाळपासून तो फोन टळावा म्हणून मी तुम्हाला लिहीत बसले आहे.