पुंडलिकनगरची थाळी आणि दिल्लीचं बजेट

३ मार्च
दुपारची सरकारी थाळी बंद होणार म्हणं. थाळी केंद्र चालवणारी सत्यभामा सांगत होती. बजेटवरून भांडण लागलंय. दिल्ली म्हणती, मुंबईनं आपला वाटा टाकावा. मुंबई म्हणती, आधी तुमचा टाका. दोघांच्या मधी आमचं वरण गार.

मला काय फरक नाय. मी पोटासाठी जातच नाय, निगराणीला जातो. बायको गेल्यापासून घरात गॅस पेटला नाय, ते वेगळं.

मनकर्णाबाई रडकुंडीला आली. एकटी बाई, दिवसाचं तेवढंच एक जेवण. म्हणलं, सांडूभाऊ बसलाय ना. आठ दिवसांत दिल्ली वठणीवर आणतो.

५ मार्च, सकाळी
दिल्लीला फोन. बाई बोलली, हिंदीसाठी दोन दाबा. दाबलं. गाणं लागलं. अर्धा तास ऐकलं. मग आपोआप कट. गाणं बरं होतं. एकूण सुरुवात चांगली.

८ मार्च
केंद्राला कुलूप. थाळीला रोज येणारा कडुबा खोचकपणे म्हणला, काय सांडू, दिल्ली हलली का? म्हणलं, हलायलीय. म्हणला, मंग तवर मी लेकीकडं सिल्लोडला जेवून येतो, हलली की फोन कर. असल्यांमुळंच देश मागं.

बुधवारी मोर्चा काढायचा. अख्ख्या गल्लीला विचारलं. सगळे व्हय म्हणले. गर्दी आवरंना झाली तर काय, हेच टेन्शन.

११ मार्च, दुपारी
केंद्रासमोर मी आणि मनकर्णाबाई. बाकीचे यायलेच होते, तेवढ्यात वरडा झाला, नळ आले. उद्याचं पाणी आजच सोडलं. सगळी गल्ली मोटरी लावायला पळाली. मनकर्णाबाई म्हणली, भाऊ, माझा ड्रम कोरडाय. गेली.

मी निषेध म्हणून एकटाच उभा राहिलो. पाच मिनिटं. मंग माझी टाकी आठवली.

पाणी मुद्दाम आजच सोडलं. दिल्ली घाबरली, दुसरं काय.

१४ मार्च
कुलूप लागल्यापासून बिस्किटावर. पोट हलकं राहतंय, डोकं चालतंय. उपोषणच म्हणायचं हे, जाहीर तेवढं केलं नाय.

दुपारी मनकर्णाबाई आली. शेजारनीकडून पीठ आणून भाकर थापली म्हणं, सोबत ठेचा. म्हणली, भाऊ, माझ्यापायी लई पळापळ केली तुम्ही, खा.

बाईमाणसाचं मन कशाला मोडा. खाल्ली.

अजून एक आहे का विचारलं. तिनं स्वतःची अर्धीच खाल्ली होती, उरलेली अर्धी दिली.