डब्याखालचा हिरवा रंग

३ फेब्रुवारी
हेडलाइटचा आणखी एक बल्ब उडाला! बॅटरी आधणासारखी उकळतेय, ॲसिडचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. हिने खिडकी उघडली आणि शांतपणे सांगितलं, "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर गाडी धड झाली तर ठेवा." ही ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. पण आज शांत बोलली.

गाडी जवळजवळ माझ्याच वयाची. सगळी मीच खोलली, पत्रा न् पत्रा हिरवा रंगवला, पुन्हा जोडली. आणि आता भंगारात?

४ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियन आला. मीटर लावला. चौदा व्होल्ट हवेत, तिथे सतरा! "बॅटरी गेलीय, काका." नवी घातली. तीही उकळली.

५ फेब्रुवारी
"मग रेग्युलेटर." म्हणजे डायनामोला 'आता पुरे' म्हणणारा छोटा डबा. नवा बसवला. पुन्हा सतरा! इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवलं — "जुन्या गाड्यांचं असंच असतं." एवढं निदान तर मीही केलं असतं.

मेहुण्याला फोन केला. घोडचूक! तो स्वतःच्या फ्रीजबद्दलच बोलत राहिला.

६ फेब्रुवारी
काही सुचत नाही. टेललाइट गेला.

७ फेब्रुवारी
सकाळपासून बॉनेटखाली डोकं घालून होतो. ही चहा घेऊन आली, वाकून पाहिलं.

"डब्याखालचा रंग खरवडलात का?"

"कशाला? काय सुरेख बसलाय!"

"अहो, डब्याला बॉडीतून अर्थिंग नको का मिळायला? मधे रंगाचा थर. बॅटरी किती भरली ते त्याला कळणार कसं? तो आपला आणखी दे, आणखी दे करतोय."

डबा काढून खरवडायला घेतलं — किती जिवापाड मारला होता तो रंग! खाली लखलखीत पत्रा निघाला. डबा घट्ट बसवला, इंजिन सुरू केलं. चौदा! रेस वाढवली. तरी चौदाच! मी गॅरेजात चक्क नाचलो. इलेक्ट्रिशियनला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, "मी तेच सांगणार होतो."

हिला विचारलं, तुला कसं ठाऊक? म्हणाली, "चहा गार झाला तुमचा."

८ फेब्रुवारी, रविवार
भंगारवाला आलाच नाही. हिने बोलावलाच नव्हता! "धाक घातला नसता तर जन्मभर नुसती पुसत बसला असतात." एवढं बोलून ही ड्रायव्हरच्या सीटवर. लग्नाआधी वडिलांची अशीच गाडी हीच चालवायची, हीच दुरुस्त करायची! इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तुम्ही कधी चावी दिलीत?"

दिली. माहेरी गेलीय. मी फाटक उघडून दिलं.